एक ना धड?

मागच्या रविवारी ताईकडे सगळे जमलो होतो. भाचीने आधी व्हायोलिन वाजवलं, मग गिटार काढली, आणि जेवणं झाल्यावर कुठूनतरी ढोलकीही बाहेर आली. कौतुक झालं, आणि पाठोपाठ ते ठरलेलं वाक्यही आलं... "एक ना धड, भाराभर चिंध्या!" मी तेव्हा गप्प बसलो. याच वाक्यापायी लहानपणी माझी पेटी सुटली आणि मग धरलेला तबलाही सुटला. तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहितोय. (घरची मंडळी हा ब्लॉग वाचतात, हे ठाऊक असूनही!)

घरी येऊन मी डोनल लनी लावला. हा आयर्लंडचा वादक. जन्म 1947 चा, टलमोर गावातला. वाढला किल्डेअर काउंटीतल्या न्यूब्रिजमध्ये. गिटार, बुझुकी, कीबोर्ड, बोरान नावाचं डफासारखं चामड्याचं वाद्य, शिवाय दुसऱ्यांच्या रेकॉर्डची निर्मिती. आपल्या हिशेबाने अगदी भाराभर चिंध्या!

पण गंमत अशी, की आयरिश पारंपरिक संगीतात मुळात साथीदाराला फारशी जागाच नव्हती. फिडल, बासरी, इलन पाइप्स (कोपराखालच्या भात्यावर वाजणारे आयरिश पाइप्स) हे सगळे मिळून एकच धून एकाच वेळी वाजवणार. धून हेच सर्वस्व. स्लायगोच्या मायकेल कोलमनने 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये केलेल्या रेकॉर्ड ऐकून बघा. फिडल काय सुंदर! आणि मागे पियानो... काही ठिकाणी तर त्या बिचाऱ्याला पुढे काय येणार याचा पत्ताच नाही असं वाटतं. यातल्या कितीतरी धुना मेजर आणि मायनरच्या चौकटीत नीट बसत नाहीत. चुकीची कॉर्ड पडली, की धुनेचा रंगच उडतो.

धुनेला धक्का न लावता तिच्यासोबत चालायचं कसं? माझ्या मते लनी आयुष्यभर हे एकच कोडं सोडवत आला.

बुझुकी मूळची ग्रीक. 1960 च्या दशकात जॉनी मॉयनिहनने ती आयरिश संगीतात आणली. लनीला ती मिळाली अँडी अर्व्हाइनकडून. खालच्या तारांच्या जोडीत एक तार वरच्या सप्तकात लावलेली असे. लनीने जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात लावल्या आणि खर्ज भरीव केला. मग पीटर ॲबनेट या इंग्लिश कारागिराकडून भोपळ्यासारखी गोल पाठ टाळून सरळ बाजूंची बुझुकी करून घेतली. अशा बुझुकीवर सा-प सारखे मोकळे स्वर धरले, की धून हसरी की उदास, हे ठरवणं धुनेच्याच हातात राहतं. आणि हे सगळं डावखुऱ्या हाताने!

1971 मध्ये क्रिस्टी मूर या जुन्या गाववाल्या मित्राच्या 'प्रॉस्परस' या रेकॉर्डसाठी लनी, अर्व्हाइन आणि पाइपवादक लिअम ओफ्लिन एकत्र आले. त्यातून प्लँक्स्टी हा बँड उभा राहिला. अर्व्हाइनचं मँडोलिन आणि लनीची बुझुकी तिथे अशी गुंफली जातात, की कोण पुढे आणि कोण मागे हेच कळेनासं होतं. मग सत्तरच्या दशकातला बॉथी बँड... तिथे हीच साथ घोडदौड करते. 1981 मध्ये मूव्हिंग हार्ट्स, म्हणजे पाइप्सच्या शेजारी इलेक्ट्रिक गिटार, सॅक्सोफोन आणि ड्रम्स. दर वेळी वाद्यं बदलली, माणसं बदलली. प्रश्न मात्र तोच राहिला.

एक आक्षेप मला मान्य आहे. हे बँड इतके गाजले, की आता साथीशिवाय एकटी फिडल ऐकायची आपली सवयच गेली. लनीच्या मागून आलेल्या सगळ्यांकडे त्याचा संयम होता असंही नाही. कधीकधी साथच धुनेच्या डोक्यावर बसते. आणि इतक्या वर्षांच्या कामात निव्वळ त्याच्या नावाचे अल्बम मोजकेच. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा दुसऱ्याचं किंवा बँडचं नाव. कुणी याला नुकसान म्हणेल. मला तो स्वभाव वाटतो... समोरच्याचं गाणं चांगलं व्हावं म्हणून हाताला लागेल ते वाद्य उचलणाऱ्याचा स्वभाव.

आपली ती म्हण खोटी नाही. पण ती वाद्यं मोजून लावायची नसते. चार वाद्यांतून एकच गोष्ट शोधणारा वेगळा आणि कंटाळा आला की वाद्य बदलणारा वेगळा. मी बहुधा दुसऱ्या प्रकारातला होतो, हेही इथेच कबूल करतो. पण ते तेव्हा कुणी मला विचारलंच नाही, नुसतं सोडायला सांगितलं.

तेव्हा ताई, गिटार माळ्यावर टाकायच्या आधी तिला एकदा विचार, या तिन्हींतून तिला काय ऐकू येतंय? रविवारी ढोलकी वाजवताना तिचं लक्ष हाताकडे नव्हतं. बाबा गात होते, त्यांच्या तोंडाकडे होतं. तुझ्या लक्षात आलं का ते?