उन्हाळ्यात जड वाचावे

आमच्या गावाला वाङ्मयाच्या इतिहासात फारसं स्थान नाही. हवामानाच्या इतिहासात मात्र आहे. शहरात उकाडा वाढला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, 'चिकलठाणा वेधशाळेत इतक्या अंश तापमानाची नोंद.' उकडतं सगळ्या छत्रपती संभाजीनगरला, नाव होतं चिकलठाण्याचं. क्रांती चौकातला घाम, गुलमंडीवरचा घाम, सिडकोतला घाम, सगळ्यांचा हिशेब आमच्या दप्तरी जमा. तेव्हा ऋतू या विषयावर बोलण्याचा अधिकार महाराष्ट्रात कुणाला असेल तर तो चिकलठाणेकराला आहे, असं माझं नम्र मत आहे. पुस्तकांवर बोलण्याचा अधिकार मी स्वतः कमावला आहे. गेली चाळीस वर्षं मी पुस्तकी किडा या पदावर कायम आहे. ही नोकरी बिनपगारी असून तिला पेन्शनही नाही, असं सौ. अधूनमधून लक्षात आणून देते.

या दुहेरी अधिकाराने मला आज एका खोट्या समजुतीचा समाचार घ्यायचा आहे. मार्च संपत आला की 'उन्हाळ्याच्या सुट्टीत काय वाचाल?' अशा याद्या निघायला लागतात. पूर्वी त्या फक्त रविवारच्या पुरवणीत यायच्या, आता मोबाइलवरही येतात. कुरडयांसारख्याच त्या दरवर्षी त्याच आकाराच्या असतात. यादीच्या डोक्यावर ठरलेलं वाक्य असतं: उन्हाळ्यात हलकंफुलकं वाचावं, एका बैठकीत संपणारं, डोक्याला ताप न देणारं.

ही कल्पना कुठून आली ते उघड आहे. ज्या देशांत उन्हाळा म्हणजे चार दिवस सूर्यदर्शन, तिथून ती आली. तिकडची माणसं उन्हाळ्यात समुद्रकाठच्या वाळूत उताणी पडतात. एका हातात आइस्क्रीम, दुसऱ्या हातात पुस्तक. अशा अवस्थेत पुस्तक वजनाने आणि आशयाने हलकंच लागणार. पण हा सल्ला जशाच्या तसा चिकलठाण्याला लागू करणाऱ्याने एकदा एप्रिलच्या दुपारी सुखना नदीच्या काठी पुस्तक घेऊन आडवं पडून दाखवावं. मी त्याला कांद्यासकट उचलून आणायला येईन.

आमच्याकडे उन्हाळा हा कोंडून घेण्याचा ऋतू आहे. सकाळी अकराला दार लावायचं ते संध्याकाळी पाचला उघडायचं. सहा तास. अकराला हातात घेतलेलं हलकंफुलकं पुस्तक साडेबाराला संपतं. उरलेले साडेचार तास माणसाने काय करायचं? तो कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहतो, पंख्याचा आवाज का येतो यावर बोलतो आणि शेवटी घरच्यांच्या चुका काढायला लागतो. मराठवाड्यातली उन्हाळी भांडणं ही माझ्या मते पातळ पुस्तकांमुळे होतात.

इथे हवं ते जाडजूड पुस्तक. टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस' घ्या. बाराशेच्या वर पानं आहेत. दिवसाला शंभर पानं धरली तरी बारा दिवसांची बेगमी. शिवाय त्यात १८१२ साली मॉस्कोहून परत फिरलेली नेपोलियनची फौज बर्फात गारठत जाते. बाहेर बेचाळीस अंश असताना ती प्रकरणं वाचून पाहा. कूलरला वीज लागते, पाणी लागतं. टॉलस्टॉयला दोन्ही लागत नाही. परदेशी नको असेल तर नेमाड्यांची 'हिंदू' आहे, विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती' आहे. नळाला पाणी किती दिवसांनी येतं याची कॅलेंडरवर खूण करणाऱ्या शहराने धरणावरची कादंबरी उन्हाळ्यात नाही वाचायची तर कधी? आणि गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' तर खास उन्हाळी. जाडी कमी, पण वजन फार. १८५८ च्या मार्च-एप्रिलात झाशीला वेढा पडला तेव्हा हा वरसईचा भिक्षुक गावात अडकला होता. आपण तर नुसते घरात अडकलेले असतो.

पावसाळ्याबद्दलचा गैरसमज याहून जुना. पाऊस आला की भजी, चहा, खिडकी आणि कवितांचं पुस्तक, असं एक चित्र ठरून गेलं आहे. हे चित्र पुण्या-मुंबईच्या खिडकीतून काढलेलं आहे, आणि त्या खिडकीबाहेर कोकणातला पाऊस पडतो. आमच्याकडे जून उजाडला की माणसं आभाळाकडे पाहतात ती कवितेसाठी नव्हे, पेरणीसाठी. पाऊस आला तर आनंद, दडी मारली तर दुबार पेरणी. अशा दिवसांत धुक्यातली प्रेमकथा वाचणं मला शोभेनासं वाटतं. मी सदानंद देशमुखांची 'बारोमास' काढतो. नावातच बारा महिने आहेत आणि बाराही महिने शेतकऱ्याच्या अंगावर आलेले आहेत. २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तोच पुरस्कार २०१६ साली परभणीकडच्या आसाराम लोमट्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला मिळाला. हे दोघे मला पेपरातल्या पर्जन्यमानाच्या तक्त्यापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतात. पावसाने फारच ओढ दिली तर माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचावी. अखेरीस दुष्काळाने गाव उठून जातं, हे वाचताना बाहेरचं कोरडं आभाळ वेगळं दिसतं. आणि पाऊस खरोखर चांगला झाला, पिकं डोलू लागली, तर मग महानोरांच्या 'रानातल्या कविता'. हे कवी आमच्याच जिल्ह्यातल्या पळसखेड्याचे. त्यांच्या पावसाला मातीचा वास आहे, भज्यांचा नाही.

आमचे एक पेन्शनर शेजारी आहेत. त्यांना हे सगळं थोतांड वाटतं. ते म्हणतात, "चांगलं पुस्तक कधीही चांगलंच. ऋतू बघून वाचायला ते काय कैरीचं लोणचं आहे?"

यावर माझं उत्तर असं, की आंब्याचा रस डब्यात बंद करून जानेवारीतही मिळतो आणि तो आंब्याचाच असतो. पण जानेवारीत तो खाऊन कुणी हात चाटत बसल्याचं मी पाहिलेलं नाही. दुसरं म्हणजे, ऋतू पाहून वाचण्याचा शोध मी लावलेला नाही. तो आपल्या आजोबा-पणजोबांनी लावला आहे. गावोगावच्या देवळांत चातुर्मासात पोथी लागायची. 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप'. श्रीधरांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेले हे ग्रंथ. एकजण ओव्या वाचणार, दुसरा अर्थ सांगणार आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशी सगळी आळी ऐकणार. श्रावणात 'नवनाथ भक्तिसार', मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी 'गुरुचरित्रा'चा सप्ताह. याला तुम्ही भक्ती म्हणा, मी वेळापत्रक म्हणतो. चातुर्मासात रस्ते चिखलाने बंद, लग्नकार्यं बंद, रात्री लवकर होणाऱ्या. तेव्हा वाचन तिथे बसवलं जिथे लोकांना सवड होती. पुस्तक माणसाच्या सवडीला आलं, माणसाला पुस्तकाच्या सवडीला धावावं लागलं नाही. माझा सगळा वाद या एका वाक्यात मावतो. (बाकीचा लेख संपादकांसाठी आहे.)

आणि हे शहाणपण आपल्या अगदी शेजारचं. इथून पैठण जवळ. तिथे एकनाथांनी १५८४ साली 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत तयार केली. पैठणच्या पलीकडे नेवासं, जिथे मूळ 'ज्ञानेश्वरी' १२९० साली सांगून झाली. आमच्या दारावरून जाणारा जालना रोड धरला तर पुढे त्या जिल्ह्यात जांब, रामदासांचं जन्मगाव. एवढ्या थोर ग्रंथकारांच्या मधोमध राहून आम्ही 'एका बैठकीत संपणारं' शोधायचं, हे काही बरं नाही.

दिवाळीचा ऋतू मराठी माणसाने स्वतःच निर्माण केला. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून फराळाबरोबर वाचनाचंही ताट वाढलं जाऊ लागलं. इथे माझी फक्त एक सूचना आहे. दिवाळी अंक चकलीसारखा वाचावा, अनारशासारखा नव्हे. ताजा असताना. 'पुढे निवांत वाचू' म्हणून कपाटात ठेवलेला अंक पुढच्या दिवाळीला रद्दीत जातो, आणि मधल्या काळात तो फक्त एक प्राणी वाचतो: कसर. माणसाने वाचनात ठेवलेली कसर कसरच भरून काढते.

थंडीबद्दल फार बोलत नाही, कारण थंडीत चिकलठाण्यात काहीही वाचलं तरी चालतं. फक्त हुरड्याच्या दिवसांत कथा वाचाव्यात. मिरासदार, शंकर पाटील. हुरडा जसा गरम गरम मुठीने घ्यायचा, तशी एकेक कथा. रात्री मात्र जी. ए. कुलकर्णी घ्यायचे तर पांघरूण जाड असावं. जी. एं.मुळे येणारा काटा थंडीने आला असं घरच्यांना सांगता येतं.

इथपर्यंत मी गमतीने बोललो. यापुढचं जरा मनाला लावून घ्यावं.

हल्ली आपण वाचनाला ऋतू देत नाही, दिवस देतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, आणि २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन. दिवस चांगले आहेत, त्यामागची माणसं मोठी आहेत. पण दिवस संध्याकाळी संपतो. सकाळी पोरांच्या हातात पुस्तकं येतात, फोटो निघतो, मधल्या सुट्टीनंतर पुस्तकं मोजून परत जातात. २०१७ च्या मे महिन्यात भिलारला पुस्तकांचं गाव झालं. उत्तम झालं. मे महिन्यात वाचायचं कुठे, तर पाचगणीजवळ थंड हवेत, हे कुणालाही पटेल. पण ज्यांना पाचगणी परवडत नाही त्यांचा मे महिना चिकलठाण्यातच जातो.

त्यांचं काय होतं ते सांगतो. आमचा नातू सातवीत आहे. त्याच्या शाळेत पुस्तकांची तीन कपाटं आहेत. मी स्वतः काचेतून पाहिली आहेत. परीक्षा जवळ आली की शाळेत सूचना लागते: सर्वांनी ग्रंथालयाची पुस्तकं तत्काळ जमा करावीत. मग वार्षिक तपासणी होते, कपाटांना कुलपं लागतात, आणि मे महिना आणि अर्धा जून ती पुस्तकं आतल्या आत एकमेकांना वाचत बसतात. म्हणजे मुलाला वर्षभर गृहपाठ असतो तेव्हा पुस्तक उपलब्ध, आणि गृहपाठ संपून अख्खी दुपार मोकळी होते त्याच दिवशी पुस्तक बंद. पाणपोईवाल्याने श्रावणात रांजण भरून ठेवावेत आणि वैशाखात उपडे घालावेत, त्यातला प्रकार. आणि हे एकाच शाळेचं नाही. ओळखीच्या पाच घरी विचारून पाहा.

माझ्या नातवाचं काही बिघडत नाही. त्याच्या घरात एक किडा आधीपासून आहे. पण गल्लीच्या टोकाला जी घरं आहेत, जिथे आई-बाप एमआयडीसीत वेगवेगळ्या पाळ्यांना जातात, तिथल्या पोराने अकरा ते पाच काय करायचं? त्याच्या घरात छापलेलं असं कॅलेंडर आहे आणि रेशनकार्ड आहे. शाळेचं कपाट हेच त्याचं कपाट. तेही आपण ऐन हंगामात बंद करतो, आणि जूनमध्ये 'आजकालची मुलं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत' यावर परिसंवाद भरवतो.

सरांचा दोष काढण्यात अर्थ नाही. पुस्तक हरवलं तर पैसे कुणी भरायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो, आणि त्याचं उत्तर पगाराच्या दिवशी मिळेल अशी त्यांना भीती असते. म्हणजे बदलायला हवा तो हिशेब. ज्या शाळेत वर्षाला एकही पुस्तक फाटत नाही, हरवत नाही, तिचा सत्कार न करता चौकशी करावी. न फाटलेलं पुस्तक हा न वाचल्याचा पुरावा आहे. खडू झिजतो तेव्हा आपण गुरुजींकडून भरपाई मागत नाही. पुस्तक झिजलं तर का मागावी?

हे काही अशक्यही नाही. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून खेड्यापाड्यांत पाठवली. शंभर वर्षांपूर्वी पेटी तालुका ओलांडून जात होती. आज आपल्याला पुस्तक व्हरांडा ओलांडून पाठवता येत नाही. केरळात १९ जूनला वाचन दिन असतो. पी. एन. पणिक्कर या ग्रंथालय चळवळीतल्या माणसाची ती पुण्यतिथी. पण योग असा, की तेव्हा शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि बाहेर पाऊस असतो. दिवसाला ऋतूची साथ मिळाली की तो संध्याकाळी संपत नाही.

माझी मागणी छोटी आहे आणि सरकारी तिजोरीला तिचा एक पैसाही भार नाही. वार्षिक तपासणी जुलैत करा. शेवटच्या पेपरच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात निकालाच्या आधी तीन पुस्तकं द्या. शाळा उघडेल त्या दिवशी ती परत घ्या. त्यातलं एखादं आलं नाही, एखाद्यावर आमरसाचा डाग आला, तर त्या डागाकडे प्रेमाने बघा. ते पुस्तक जेवतानासुद्धा खाली ठेवलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या पोराच्या शाळेत जा. कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. शिपाई म्हणेल सरांकडे, सर म्हणतील ऑफिसात, ऑफिस म्हणेल शिपायाकडे. तीन चकरांत किल्ली सापडते, असा अंदाज आहे. आणि कपाट उघडल्यावर त्यांनी कौतुकाने एखादं पातळ, चित्रांचं, एका बैठकीत संपणारं पुस्तक पुढे केलं, तर हात जोडून नको म्हणा. उन्हाळा मोठा आहे, जाड मागा.