कुलूपबंद बंगला

आमच्या खानापूर तालुक्यात, विट्याच्या आसपासच्या गावांत, मे महिन्यात आलात तर लग्नसराईची गर्दी दिसेल. जूनमध्ये या. दुमजली, तिमजली बंगले आणि दाराला कुलूप. मालक कोणी केरळात, कोणी दिल्लीला, कोणी आमच्यासारखे कोलकात्यात. हे सगळे गलाईवाले.

जुने दागिने वितळवून, तेजाबाने शुद्ध सोने-चांदी वेगळी करणे म्हणजे गलाई. दुष्काळी भागात शेतीवर भागेना, म्हणून आमची माणसे देशभरच्या सराफ बाजारांत गेली. माझे आजोबा बऊबाजारात दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला लागले. पप्पांचे स्वतःचे दुकान आहे. तिथे संध्याकाळी झाडून काढलेली धूळसुद्धा डब्यात जपून ठेवतात, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात. ही शिस्त आमच्या हाउस इन्स्पेक्शनपेक्षा कडक आहे!

धूळ जपणारी हीच माणसे चार पैसे जास्त मिळाले की काय करतात? २०१९ मध्ये धंदा बरा झाला, तेव्हा पप्पांनी गावच्या बंगल्यावर मजला चढवला आणि गाडी हप्त्यावर घेतली. आम्ही स्वतः राहत होतो बऊबाजारातल्या दोन खोल्यांत. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. मी चौथीत होतो. दुकानाचे भाडे, गाडीचा हप्ता, दोन कामगारांचे जेवण, काहीच थांबले नाही. शेवटी दुकान उघडले तेव्हा भट्टीत सगळ्यात आधी गेल्या त्या आईच्या पाटल्या. शेजारच्या गल्लीत आमच्याच गावचे एक काका आहेत. त्यांचा बंगला नाही, म्हणून लोक त्यांना चिकट म्हणत. त्यांच्याकडे वर्षभराचा खर्च बाजूला होता. त्यांनी आम्हालाही उसने दिले.

पप्पांना मी सरळ दोष देत नाही. ज्या गावातून आजोबा रिकाम्या हाताने निघाले, तिथे पक्के घर उभे करणे यात मानही आहे. पण पहिला मजला मानासाठी असेल, तर दुसरा कशासाठी?

आपण कॅडेट साधे राहतो, असा आपला समज आहे. खरे तर आपल्याला निवडच नाही. मेसमध्ये ताट एकच, गणवेश एकच. परीक्षा पुढेच आहे. आयएमएमध्ये प्रशिक्षणातच महिना ५६,१०० रुपये मिळू लागतात, आणि बारावीचे सिनियर आत्तापासून कोणती बुलेट घ्यायची यावर वाद घालतात. घ्या की! माझे म्हणणे एवढेच की उत्पन्न वाढले की वाढीचा अर्धा भाग आधी बाजूला टाकावा आणि उरलेल्यात हौस करावी. हप्त्यावर तर मुळीच नको. ज्याच्या गाठीला वर्षाचा खर्च आहे, तो नको असलेल्या कामाला 'नाही' म्हणू शकतो. कर्जात बुडालेला म्हणू शकत नाही, मग पगार कितीही असो.

दिवाळीच्या सुट्टीत मी पप्पांना म्हणालो, "माझ्या नावाने पीपीएफचे खाते उघडा ना." वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात, ते मी बक्षिसाच्या पैशांतून दिले. पंधरा वर्षांची मुदत ऐकून ते हसले, "तोवर तू मेजर होशील की रे." खाते उघडले. बंगल्याला नवा रंग द्यायचा मात्र त्यांनी आधीच ठरवले आहे, येत्या मे महिन्यात.