खेळण्यातले चाचे आणि मालकीचा प्रश्न

शांघायमधील एका न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये नऊ जणांना तुरुंगात धाडले. त्यांच्या म्होरक्याला सहा वर्षांची कैद आणि नऊ कोटी युआनचा दंड ठोठावण्यात आला. गुन्हा कोणता, तर मुलांच्या खेळण्यातील प्लास्टिकच्या ठोकळ्यांची नक्कल करून ती विकणे. 'लेपिन' या नावाने चाललेल्या या उद्योगाची उलाढाल ३३ कोटी युआनच्या वर गेली होती. डेन्मार्कच्या लेगो कंपनीचे संच जसेच्या तसे उतरवायचे आणि निम्म्याहून कमी दरात बाजारात आणायचे, असा हा सरळ धंदा होता. लेपिनने ज्या संचांची नक्कल केली, त्यांत 'इम्पीरियल फ्लॅगशिप' हे शिडाचे एक मोठे जहाजही होते. हे जहाज लेगोच्या समुद्री चाच्यांच्या मालिकेतले. चाच्यांच्या खेळण्याचीच चाचेगिरी व्हावी हा योगायोग गमतीचा खराच; पण त्या नकली जहाजाला गिऱ्हाईक का मिळाले, याचा शोध घेऊ लागले की विषय चोरी आणि शिक्षा यांपाशी थांबत नाही. दाम मोजून घेतलेल्या वस्तूवर अधिकार कोणाचा आणि तो कुठपर्यंत, या प्रश्नापाशी तो येऊन ठेपतो.

एकाच हास्याचा शेवट

ओले कर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने १९३२ मध्ये डेन्मार्कमधील बिलुंड या गावी लाकडी खेळणी बनवण्यास सुरुवात केली आणि त्यातून लेगो कंपनी उभी राहिली. आज ज्याला आपण लेगोचा ठोकळा म्हणतो, त्याच्या रचनेचे पेटंट जानेवारी १९५८ मधले. हात, पाय हलवता येणारी चिमुकली बाहुली १९७८ मध्ये आली. पुढची दहा-अकरा वर्षे या साऱ्या बाहुल्यांचे चेहरे एकच होते: दोन काळे ठिपके आणि एक स्मितरेषा. पोलीस असो, सरदार असो वा अंतराळवीर, सारे सारखेच हसत. १९८९ मध्ये चाच्यांची मालिका आली आणि हा शिरस्ता मोडला. कोणाला दाढी आली, कोणाच्या डोळ्यावर पट्टी, कोणाच्या हाताऐवजी आकडा, तर कोणाला लाकडी पाय. पोपट आला, माकड आले, तोफा आल्या. 'ब्लॅक सीज बॅराकुडा' हे पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या शिडांचे जहाज या मालिकेचा मानबिंदू ठरले. चाच्यांच्या पाठलागासाठी निळ्या डगल्यांचे शाही सैनिक होते आणि त्यांच्यासाठी 'एल्डोराडो' नावाचा किल्ला.

चेहरा बदलला की स्वभाव येतो आणि स्वभाव आला की गोष्ट सुरू होते. या मालिकेची पकड आजही का सुटत नाही, याचे उत्तर इथे आहे. १९८९ मध्ये आठ-दहा वर्षांची असलेली युरोप-अमेरिकेतील मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या हाती पैसा आहे आणि माळ्यावरच्या खोक्यात अर्धवट उरलेले एक जहाजही. ते जहाज पुन्हा पुरे करावे, या साध्या इच्छेतून एक मोठा छंद आणि त्यामागोमाग एक मोठा बाजार उभा राहिला.

जुन्या तपकिरी रंगाचा शोध

हा छंद बाहेरून वाटतो तितका सोपा नाही. ठोकळ्यांचे एबीएस प्लास्टिक टिकाऊ असले तरी सूर्यप्रकाशाने पिवळे पडते. शिडे कापडाची असल्याने मळतात, दुमडीवर झिजतात. दोरखंडांच्या शिड्या तुटतात. त्यातच २००४ च्या सुमारास कंपनीने राखाडीच्या दोन छटा आणि तपकिरी रंग बदलले. नवा तपकिरी किंचित तांबूस आहे. सामान्य गिऱ्हाइकाच्या हे लक्षातही आले नसेल. परंतु ज्याला १९८९ च्या जहाजाचा तुटलेला तपकिरी तुकडा बदलायचा आहे, त्याच्या दृष्टीने नवा तुकडा म्हणजे जुन्या पैठणीला लावलेले भलत्याच रंगाचे ठिगळ. शिवाय या नव्या तांबूस तपकिरी रंगाचे काही वर्षांतले तुकडे इतके ठिसूळ निघाले की जोड सोडवताना मोडतात, असा संग्राहकांचा सर्वत्र अनुभव आहे. चाच्यांच्या जहाजात तपकिरी रंगच अधिक. साहजिकच जुन्या सुट्या तुकड्यांना मागणी आली.

ही मागणी पुरवण्यासाठी २००० मध्ये डॅन जेझेक यांनी सुट्या तुकड्यांच्या खरेदी-विक्रीची एक इंटरनेट पेठ सुरू केली. तीच पुढे 'ब्रिकलिंक' म्हणून प्रसिद्ध झाली. एक टोपी, एक तलवार, एखादा पोपट इथे सुटा विकत मिळतो. जहाज दुरुस्त करणारा जसा इथे येतो, तसाच आपल्या मनाचा चाचा घडवणाराही येतो. एका संचातले डोके, दुसऱ्यातला डगला, तिसऱ्यातली टोपी जुळवून तो पेटीवर कधीही नसलेला खलाशी उभा करतो. काही जण एवढ्यावर थांबतात आणि कंपनीच्या तुकड्यांपलीकडचे काहीही निषिद्ध मानतात. दुसरे धाडसी. ते बाहुल्यांवर स्वतः छापलेली चित्रे चिकटवतात, नवी शिडे शिवतात, रंग देतात, प्रसंगी तुकडा कापतातही. 'ब्रिकआर्म्स', 'ब्रिकफोर्ज' यांसारखे छोटे उद्योग लेगोच्या बाहुल्यांच्या हातात नेमकी बसणारी शस्त्रे आणि साहित्य बनवू लागले. यांतले सोवळे कोणते आणि ओवळे कोणते, यावर छंदिष्टांत वर्षानुवर्षे वाद आहेत.

ठोकळा सर्वांचा, बाहुली कंपनीची

या वादाला कायद्याची एक बाजू आहे आणि ती उद्बोधक आहे. लेगोने या ठोकळ्याची पहिली आवृत्ती १९४९ मध्ये काढली. तिचा नमुना ब्रिटनमधील हिलरी पेज यांच्या 'किडीक्राफ्ट' ठोकळ्यांचा होता. पेज यांचे १९५७ मध्ये निधन झाले. आतून नळ्या असलेली, घट्ट पकड घेणारी रचना ही लेगोची स्वतःची भर. १९५८ चे पेटंट तिच्यासाठीच होते. किडीक्राफ्टचे उरलेसुरले हक्क कंपनीने रीतसर विकत घेतले ते १९८१ मध्ये. म्हणजे ज्या वस्तूच्या नकलेपायी शांघायमध्ये माणसे तुरुंगात गेली, तिच्याही मुळाशी दुसऱ्याच्या कल्पनेचे ऋण आहे.

पेटंटची मुदत संपल्यावर ठोकळ्याचा आकार ट्रेडमार्क म्हणून कायमचा राखून ठेवण्याचा प्रयत्न लेगोने केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो अमान्य केला आणि युरोपीय न्यायालयानेही सप्टेंबर २०१० मध्ये तेच सांगितले. जो आकार कामासाठी आवश्यक आहे, त्यावर कोणा एकाची सार्वकालिक मालकी असू शकत नाही, हे त्या निकालांचे सार. मात्र बाहुलीचा आकार हा ट्रेडमार्क असल्याचे युरोपातील न्यायालयाने २०१५ मध्ये उचलून धरले. थोडक्यात, जहाजाच्या विटा साऱ्या जगाच्या झाल्या आणि त्यावरचा चाचा तेवढा कंपनीचा राहिला. लेपिनचा गुन्हा ठोकळा बनवण्याचा नव्हता; दुसऱ्याचे संपूर्ण संच, त्यांची मांडणी आणि त्यांवरची चित्रे उचलण्याचा होता. सुटा ठोकळा बनवणारा स्पर्धक आणि संच चोरणारा नकलाकार यांतला हा फरक महत्त्वाचा आहे. आणि विकत घेतलेल्या बाहुलीचे डोके बदलणारा छंदिष्ट या दोहोंपासून वेगळा आहे. त्याने किंमत मोजलेली आहे.

न उघडलेल्या पेटीचे अर्थकारण

मग नकलेला गिऱ्हाईक कोठून आले? 'इम्पीरियल फ्लॅगशिप' हे १,६६४ तुकड्यांचे जहाज २०१० मध्ये आले आणि काही काळाने दुकानांतून नाहीसे झाले. कंपनी कोणताही संच कायम ठेवत नाही. संच बंद झाला की जुन्या बाजारात त्याचा भाव चढू लागतो. रशियातील हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील २,३२२ संचांच्या किमती तपासल्या. त्यांना सरासरी वार्षिक परतावा सुमारे ११ टक्के आढळला. सारेच संच अर्थातच वधारले नाहीत; काहींचे भाव घसरलेही. तथापि असे आकडे एकदा वर्तमानपत्रांत झळकले की खेळण्यांच्या दुकानात गुंतवणूकदार शिरतो. तो पेटी घेतो, उघडत नाही आणि कोरड्या, अंधाऱ्या जागी रचून ठेवतो. त्याच्यामागोमाग चोरही येतो. पॅरिसजवळच्या एका खेळण्यांच्या दुकानात २०२० मध्ये पकडलेल्या तिघांच्या चौकशीतून फ्रेंच पोलिसांना केवळ लेगोचे संच लांबवणाऱ्या आंतरराष्ट्रीय टोळीचा माग लागला होता.

बंद झालेल्या वस्तूची टंचाई, त्या टंचाईतून चढे भाव आणि चढ्या भावांतून नकलेची बाजारपेठ, अशी ही साखळी आहे. लेपिनचे समर्थन कोणी करू नये. पण जे जहाज कंपनी विकत नाही आणि ज्याची जुनी पेटी पगारदाराच्या आवाक्यात राहत नाही, त्याची नकल हातोहात खपते, यात नवल नाही. यात सर्वांत मोठी हानी आहे ती खेळाची. फडताळात वीस वर्षे कधीही न उघडता पडून राहिलेले जहाज हे समभागाच्या कागदासारखे आहे. त्याला खेळणे म्हणणे कठीण.

छंदाची पेठ कंपनीच्या हाती

कंपनीला हे सारे दिसत होते. २००३ आणि २००४ ही दोन वर्षे लेगोला जबर तोट्याची गेली होती. त्या संकटातून सावरताना तिने प्रौढ छंदिष्टांचे मोल ओळखले. चाहत्याने सुचवलेल्या रचनेला १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी तिचा विचार करते आणि ती बाजारात आल्यास त्याला निव्वळ विक्रीच्या १ टक्का मानधन देते, अशी योजना तिने आखली. या योजनेत एका चाहत्याने 'द पायरेट बे' नावाने चाच्यांचे बेट सुचवले. २०२० मध्ये ते 'पायरेट्स ऑफ बॅराकुडा बे' या नावाने, २,५४५ तुकड्यांचा संच होऊन आले. बेटावर फुटलेले जहाज सोडवून पुन्हा जोडले की त्यातून १९८९ चे ते जुने जहाज उभे राहते. २०२३ मध्ये एल्डोराडो किल्लाही नव्या रूपात परतला. माळ्यावरच्या आठवणींची कंपनीने उत्तम किंमत केली. २०२४ मध्ये तिची उलाढाल ७४.३ अब्ज डॅनिश क्रोनवर पोहोचली.

दरम्यान, नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने ब्रिकलिंक विकत घेतली. त्या वेळी या पेठेचे दहा लाखांहून अधिक सदस्य आणि सुमारे ७० देशांतील १० हजारांवर विक्रेते होते. एका छंदिष्टाने इतर छंदिष्टांसाठी उभारलेला हा जुना बाजार उत्पादकाच्या मालकीचा झाला. मोटार बनवणाऱ्या कंपनीनेच शहरातला जुन्या गाड्यांचा बाजार विकत घ्यावा, तसे हे आहे. त्यात बेकायदा काही नाही आणि सोयीही झाल्या असतील. पण तिथे काय विकावे, कोणता बदल खपवून घ्यावा आणि कोणता नाही, हे यापुढे तोच ठरवणार, ज्याला नवा माल खपवायचा आहे. बाजाराचा नियंता आणि बाजारातला सर्वांत मोठा हितसंबंधी एकच असणे कोणत्याही व्यवसायात चिंतेचे मानले जाते. खेळण्यांना अपवाद का करावा?

जी गोष्ट पेटीत नाही

भारतातील छंदिष्टाची अडचण आणखी वेगळी आहे. केंद्र सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्हही बंधनकारक झाले. देशी उद्योगाला आधार आणि मुलांची सुरक्षितता हे त्यामागचे हेतू रास्तच आहेत. परंतु मुंबई-पुण्यातील संग्राहकाला परदेशी संच त्यामुळे अधिकच महाग झाला. साहजिकच सुट्या तुकड्यांतून आपले काही घडवण्याचा मार्ग त्याला अधिक जवळचा.

आणि आपल्याला घडवण्यासारखे पुष्कळ आहे. लेगोचे चाचे युरोपीय कल्पनेतले आहेत. त्यांचा समुद्र कॅरिबियन आहे आणि १९९४ च्या मालिकेतले बेटवासीही गोऱ्या दर्यावर्दीच्या नजरेतून पाहिलेले आहेत. मराठी वाचकाला या नजरेची ओळख जुनी आहे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना ईस्ट इंडिया कंपनी चाचा म्हणत असे. स्वतःच्या किनाऱ्यावर परवाने देणारा, जकात मागणारा सत्ताधीश परक्या व्यापाऱ्याच्या दप्तरात चाचा ठरला. चाचा कोण आणि शाही सैनिक कोण, हे बहुधा ज्याच्या हाती दप्तर असते तोच ठरवतो. आंग्रे यांची गुराब किंवा विजयदुर्गचा तट बिलुंडहून पेटीत बंद होऊन येण्याची शक्यता कमीच. ती गुराब जुन्या तपकिरी तुकड्यांतून, दुसऱ्याच संचातल्या शिडांतून आणि पागोटे चढवलेल्या बाहुल्यांतून एखाद्या छंदिष्टालाच बांधावी लागेल. पेटीवर छापलेली गोष्ट मोडून आपली गोष्ट उभी करण्याचा हा अधिकार जपला पाहिजे. तो नकलाकाराच्या अधिकारापेक्षा निराळा आहे आणि कंपनीच्या कृपेवरही अवलंबून नाही.

कंपनीने आपले नाव आणि आपल्या बाहुल्या जरूर राखाव्यात; नकलाकारांना शिक्षाही व्हावी. मात्र विकलेल्या तुकड्यावरचा तिचा हक्क दुकानाच्या उंबऱ्यावर संपला पाहिजे आणि सुट्या तुकड्यांच्या पेठा एकाहून अधिक असल्या पाहिजेत. राहिला प्रश्न संग्राहकांचा. त्यांनी निदान एक पेटी फोडावी आणि ते जहाज घरातल्या मुलाच्या हाती द्यावे. दोन-चार तुकडे हरवतील, शिडे मळतील, जुन्या बाजारात भावही उतरेल. पण १९८९ मध्ये त्या चाच्यांना चेहरे दिले गेले, ते पेटीच्या अंधारात बसवून ठेवण्यासाठी खचितच नव्हे.