नाव कुणाचं, काम कुणाचं?



आमच्या समुपदेशन केंद्रातली एक कार्यकर्ती मध्यंतरी माझ्याकडे आली. नव्या नोकरीच्या अर्जात तिला 'लिंक्डइन'वरचं आपलं पान जोडायचं होतं. म्हणाली, "ताई, लिहू काय? मी एकटीनं काय केलंय? सगळं केंद्रानंच केलं."

अकरा वर्षं हिनं रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात बसून तक्रारी नोंदवून घ्यायला लावल्या. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली आदेश मिळावेत म्हणून संरक्षण अधिकाऱ्यांकडे खेटे घातले. आणि लिहायला काही नाही! त्याच साइटवर एखादी कार्यशाळा करून आलेले लोक 'स्त्री-सक्षमीकरणातील तज्ज्ञ' म्हणून मिरवताना मी पाहते.

टॉम पीटर्स या अमेरिकन व्यवस्थापन-लेखकाने १९९७ मध्ये सांगितलं की प्रत्येकाने स्वतःला एक ब्रँड समजावं. २००३ मध्ये लिंक्डइन सुरू झालं आणि त्या विचाराला बाजारपेठच मिळाली. ब्रँड साबणाचा असतो. बाईला वस्तू करण्याविरुद्ध आपण इतकी वर्षं बोलतो, मग स्वतःला लेबल लावून मांडणीवर ठेवायचं का? माझाही पहिला विचार हाच होता.

पण मग ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आठवलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचं काम नोंदलंच गेलं नव्हतं. या दोघींना त्या स्त्रियांना शोधत दारोदार जावं लागलं, तेव्हा कुठे १९८९ मध्ये ते पुस्तक झालं. आपण नाव लिहिलं नाही, तर काम बिननावाचं राहत नाही. त्यावर दुसऱ्याचं नाव लागतं.

तेव्हा लिहायचं. बाळंतपणासाठी, सासूच्या आजारपणासाठी सुटलेली वर्षंही लपवायची नाहीत. तशा खंडाची नोंद करण्याची सोय लिंक्डइनने २०२२ मध्ये केली. ती वर्षं रिकामी नव्हती, हे आपल्यालाच सांगावं लागणार आहे.

मात्र एक रेघ ओलांडायची नाही. 'खरं वाटावं' म्हणून केंद्रात आलेल्या बाईची कहाणी आपल्या पानावर टाकण्याची पद्धत वाढते आहे. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणं, मोजके अपवाद सोडता, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पण कायदा आड येत नसेल तिथेही थांबायला हवं. नाव बदललं, चेहरा पुसट केला, तरी गावातली शेजारीण तिला ओळखतेच. आणि "तिची संमती होती" हे म्हणणंही तपासायला हवं. जिच्या मदतीवर ती अवलंबून आहे, तिला ती नाही कसं म्हणेल? तिचं दुःख हे आपलं भांडवल नव्हे.

शेवटी आम्ही दोघींनी बसून ते पान लिहिलं. जे तिनं स्वतः केलं तिथे 'मी', जे सगळ्यांनी मिळून केलं तिथे 'आम्ही'. जे जमलं नाही, तेही दोन ओळींत.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक तास यासाठी काढा. स्वतःबद्दल लिहिताना हात अडखळतो, म्हणून एकमेकींचं लिहा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, इंग्रजी नाही, त्या वस्तीपातळीवरच्या कार्यकर्तीला निदान संस्थेच्या कागदावर, तिच्या नावानं, तिच्या कामाचा दाखला द्या. तो तिचा हक्क आहे, आपले उपकार नव्हेत.