भोळा की भोळसट?

सहज फसणाऱ्या माणसाला मराठीत नावे अनेक आहेत. पण त्यांची पायरी एक नाही. सरळ मनाने विश्वास ठेवतो तो भोळा. मायेपोटी ठेवतो तो भाबडा. फसल्यावरही त्याच शब्दावर पुन्हा विसंबतो तो भोळसट. पहिल्या दोहोंत जिव्हाळा आहे, तिसऱ्यात कीव. सीमाभागात येणारा प्रत्येक पुढारी आम्हांस ‘भोळीभाबडी जनता’ म्हणून गोंजारतो, तेव्हा तो आम्हांस कोणत्या पायरीवर बसवू पाहतो, हे ओळखले पाहिजे.

हैदराबादच्या गौलीगुड्याच्या नावातच गवळी आहे. इमलीबनचे स्थानक होण्यापूर्वी शहराचे मुख्य बसस्थानक तेथेच होते. कचेरीच्या कामास आलेले मुधोळ-भैंसाकडचे मराठी माणूस तेथेच उतरे. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, ही म्हण त्या गवळीवस्तीत तरी आठवावी!

आमचे तोंड किती वेळा पोळले? १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्यात आले. भालकी व औराद म्हैसुरात गेले, मुधोळ व भैंसा आंध्रात. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालाने बेळगाव म्हैसुरातच ठेवले. अखेर २००४ साली महाराष्ट्राला सर्वोच्च न्यायालयात दावा लावावा लागला. प्रत्येक टप्प्यावर आम्हांस सांगण्यात आले ते एकच: धीर धरा.

भोळ्या शंकराने भस्मासुरास वर दिला आणि स्वतःच जीव घेऊन पळाला. त्याला सोडवावयास विष्णू मोहिनी होऊन आला. मतांचा वर देऊन बसलेल्या आम्हांस सोडवावयास कोण येणार?

सर्वांवर अविश्वास ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. एकमेकांच्या शब्दावर विसंबूनच ही चळवळ उभी राहिली. घरातला, गल्लीतला तो भोळेपणा आमचे धन आहे. तो व्यासपीठावर मात्र उधळू नये. पुढचा पाहुणा आला म्हणजे हार घालण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या: काय करणार, केव्हा करणार, आणि लिहून देणार काय? उत्तर न मिळाल्यास हार घरी परत न्यावा.

भोळे म्हणवून घेण्यात कमीपणा नाही. भोळसट ठरण्यास मात्र यापुढे आमची संमती नाही!