मक्बऱ्यामागचा गणिती

बीबी का मक्बरा पाहायला जाणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलून परततात, 'ही तर ताजमहालाची नक्कल!' औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) या वास्तूच्या मुख्य दरवाजावर कोरलेली दोन नावे मात्र सहसा कुणी वाचत नाही. वास्तुकार अताउल्ला आणि त्यांचे सहकारी हंसपत राय.

अताउल्ला रशिदी हे उस्ताद अहमद लाहोरींचे चिरंजीव. ताजमहालाचे श्रेय ज्यांना दिले जाते, तेच हे उस्ताद. पण मुलाची खरी ओळख निराळीच आहे. मक्बऱ्याच्या जवळजवळ पंचवीस वर्षे आधी, १६३४-३५ मध्ये, त्यांनी भास्कराचार्यांचे 'बीजगणित' फारसीत आणून शहाजहानला अर्पण केले. 'लीलावती' फैजीने अकबराच्या आज्ञेवरून १५८७ मध्येच फारसीत नेली होती. 'बीजगणित' त्याहून अवघड. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या कोणती? भास्कराचार्यांनी ११५० मध्ये दिलेले उत्तर नऊ अंकी आहे, २२,६१,५३,९८०! फ्रान्सच्या फर्माने हेच कोडे गणितज्ञांपुढे टाकले ते १६५७ मध्ये, म्हणजे ज्या बेगमेसाठी मक्बरा उभा राहिला त्या दिलरसबानूच्या मृत्यूच्याच वर्षी. पुढे १८१३ मध्ये स्ट्रॅचीने 'बीजगणित' इंग्रजीत नेले, तेही संस्कृतावरून नव्हे, अताउल्लांच्या फारसीवरून.

मक्बऱ्यापासून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव. तिथून जवळच पाटण. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून १२०७ मध्ये तिथे मठाला दान मिळवून दिले. शिलालेखच आहे तसा.

मक्बरा मुलाने, आझमशहाने बांधला असे सांगतात. पण १६६०-६१ च्या सुमारास तो जेमतेम सात-आठ वर्षांचा पोर! हात आखडला तो बापाने, औरंगजेबाने. ताजला तीन कोटींहून अधिक खर्च आल्याचे सांगतात. इथला हिशेब ६,६८,२०३ रुपये ७ आणे. एवढ्यात ताजशी तुलना करणे हा अताउल्लांवर अन्यायच. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निएने संगमरवराने लादलेल्या तीनशे गाड्या या वाटेवर पाहिल्या होत्या, लहानात लहान गाडीलाही बारा बैल. तरीही दगड पुरला नाही. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला संगमरवर. मधल्या भिंती आपल्या काळ्या दगडाच्या, त्यांवर चुन्याचा घोटीव गिलावा.