कार्ल्याचे लेख आणि काळा पडदा

मावळातल्या कार्ले लेण्यांतील ब्राह्मी लेख शतकानुशतके सर्वांसमोर होते. पण १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने लिपी उलगडेपर्यंत ते मुकेच राहिले. ग्राफिक्स कार्डांचेही तसेच. एनव्हिडियाने तपशील प्रसिद्ध केले नव्हते, तेव्हा स्वयंसेवकांनी कार्डाचे वर्तन न्याहाळून लिनक्ससाठी ‘नूव्हो’ ड्रायव्हर रचला. २०२२ मध्ये कंपनीने कर्नेल मॉड्यूल्स खुली केली. वरचा थर बंदच ठेवला.

लॅपटॉपचा पडदा काळा पडला, की ‘नोमोडसेट’ ही आज्ञा देऊन तो उजळवता येतो. पण ती मलमपट्टी. दुखणे कळते ते लॉग वाचूनच. विद्यार्थ्यांना गाइड सोडून मूळ संहितेकडे वळा म्हणणारे आपण यंत्रापुढे मात्र गाइडच शोधतो. आम्हांला वाटते, संहिता नुसती खुली असून भागत नाही, वाचक लागतो.